विषय: चेहऱ्याच्या क्रीममधील लिंबाचे तेल आणि डबीवर उन्हाची सूचना नसल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

फेब्रुवारीअखेर वरूडच्या बाजारातून तुमच्या लिंबाच्या क्रीमच्या दोन डब्या घेतल्या, एक मला आणि एक जावेला. मृग बहाराच्या संत्र्याची तोडणी चालू होती. सकाळी सातला चेहऱ्याला आणि मानेला क्रीम लावून वावरात गेले, ते दुपारपर्यंत उन्हातच होते. दुसऱ्या दिवशी मान भाजल्यासारखी लाल झाली, तिसऱ्या दिवशी फोड आले. फोड बसले, पण क्रीम लावताना बोटं जशी फिरली तसेच चार काळे पट्टे मानेवर उमटले आहेत. तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता म्हणून चेहरा वाचला. जाऊ रात्री झोपतानाच लावते, तिला काहीच झालं नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी पट्टे पाहताच विचारलं, "लिंबाचं काही लावून उन्हात गेल्या होत्या का?" थंड दाबाने, म्हणजे न तापवता साल दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलात बर्गाप्टेनसारखी द्रव्ये असतात, त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते, असं ते म्हणाले. डाग जायला महिने लागतील. वाफेने ऊर्ध्वपातन करून काढलेल्या तेलात ही द्रव्ये जवळजवळ नसतातच.

सालीत तेल असतं हे संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला कोणी सांगायला नको. साल दिव्याच्या ज्योतीजवळ दाबली की फवारा चटचट पेटतो, लहानपणी आमचा तो खेळच होता. संत्र्याच्या सालीने हात पिवळे होईपर्यंत काम केलंय, कधी असं झालं नाही. म्हणून माझा राग तेलावर नाही. तेल कसं काढलं, किती घातलं आणि ऊन लागलं तर काय होईल, हे तुम्ही सांगितलं नाही, त्यावर आहे. डबीवर फक्त 'नैसर्गिक लिंबू तेल' आणि 'दिवसा-रात्री केव्हाही लावा' एवढंच छापलंय.

सुगंधी द्रव्यांचे जागतिक निकष ठरवणाऱ्या इफ्रा या संस्थेने उन्हात जाणाऱ्या त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांसाठी थंड दाबाच्या कागदी लिंबाच्या तेलाची मर्यादा ०.७ टक्के ठेवली आहे. तुमच्या क्रीममध्ये हे तेल किती आहे? वाफेचं आहे की दाबून काढलेलं? दोन्ही लेखी कळवा. दाबून काढलेलं असेल तर 'लावून उन्हात जाऊ नये' हे मराठीत, ठळक अक्षरांत छापा, आणि दुकानांत असलेल्या डब्यांवरही चिकटवा. आमच्याकडे ही क्रीम घेणाऱ्या बहुतेक बाया सकाळी सातला वावरातच जातात.

डबीचे पैसे आणि डॉक्टरांचा खर्च परत मिळावा. बिलं, मानेचे फोटो आणि बॅच क्रमांकाचा फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. माझ्या डबीत अर्धी क्रीम शिल्लक आहे, तपासणीसाठी हवी असेल तर माणूस पाठवा. तोपर्यंत ती मी फेकणार नाही.

आपली ग्राहक,
संत्रा बागायतदार, ता. वरूड, जि. अमरावती