मशीन कपाटात का गेलं?

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं तुझं सीपॅप मशीन कपाटात गेल्याचं शलाकाकडून कळलं. तिच्यावर चिडू नकोस. माझा जीव अडकलाय तो सोमवारच्या पहाटे, तू घाटातून गाडी नेतोस तेव्हा. रात्रभर श्वास अडकत राहिलेल्या माणसाला घाटात डुलकी कधी लागते, ते त्याचं त्यालाही कळत नाही. असो. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुझ्या तक्रारी खऱ्या आहेत, लाडाच्या नाहीत. आधी नाकावरची जखम. मास्क पट्टे आवळून बसत नाही, कुशन हवेने फुगून बसतं. म्हणून बसल्या बसल्या लावू नको. आडवा हो, मशीन चालू कर, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून सोड आणि मग दोन्हीकडचे पट्टे सारखे ओढ. गळती थांबली की हात थांबव. झोपताना चेहरा धू, क्रीम लावू नको, तेलकट कातडीवर कुशन घसरतं आणि मग तू पुन्हा आवळतोस. कुशन रोज सकाळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवायचं, स्पिरिट नको. कातडी फाटली असेल तर भरेपर्यंत नाकपुड्यांत बसणारा पिलो मास्क माग. सकाळी डोळे लाल असले तर वरच्या बाजूने हवा गळते आहे असं समज.

घसा कोरडा पडतो, कारण तोंड उघडं राहतं. तू तिसरीत असल्यापासूनचं आहे ते. अ‍ॅडिनॉइड्स, म्हणजे नाकामागच्या गाठी, काढल्यावरही आजी रात्री उठून तुझी हनुवटी वर ढकलायची आणि तू झोपेतच तिचा हात झटकायचास. नाक चोंदलं की तोंड उघडतं, म्हणून आधी नाक बघ. झोपण्यापूर्वी सलाईनचा स्प्रे मार. नाक मोकळं करणारे औषधी थेंब चार-पाच दिवसांपुढे नकोत, नाक उलट जास्त चोंदतं. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा दमट करणाऱ्या मशीनच्या भांड्यात, डिस्टिल्ड वॉटरच घाल, उरलेलं सकाळी ओतून टाक. नळीतली गुडगुड तुझ्या एसीमुळे होते: दमट हवा गार नळीत निवते आणि पाणी धरते. नळी पांघरुणाखालून घे, मशीन पलंगापेक्षा खाली ठेव. तरीही गुडगुडलं तर तापणारी नळी घ्यावी लागेल. एवढं करूनही तोंड उघडलंच तर तोंडासकट झाकणारा मास्क.

पोट फुगतं ती गिळलेली हवा. रात्री उशिरा जेवू नकोस, सोडा बंद, डाव्या कुशीवर झोप, डोक्याकडची बाजू उंच कर. मोठा इलाज मात्र डॉक्टरांच्या हातात आहे. तुझ्या मशीनचा दाब 4 ते 20 वरच सोडलेला दिसतो. मशीनमधल्या मेमरी कार्डावरची नोंद बघून वरची मर्यादा खाली आणता येते, श्वास सोडताना दाब उतरवायची सोयही असते. आकडे स्वतः फिरवू नकोस. दाब फारच कमी केलास तर पोट शांत होईल, पण श्वास पुन्हा अडकायला लागेल, आणि मग घाटात... बघ, आलेच परत तिथे.

फार लिहिलं, रागावू नकोस. सिस्टरगिरी सुटत नाही. आणि चाकणला एवढी माणसं तुझ्या शब्दावर हलतात, ते बाबा येईल त्याला सांगत असतात. त्यांच्यासमोर मी मशीनचा विषय काढत नाही.

आजपासून टीव्ही बघताना अर्धा तास नुसता मास्क लावून बस. रात्री रॅम्प लाव, म्हणजे दाब हळूहळू चढेल. स्लीप टेस्टमध्ये एएचआय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो तो आकडा, 38 होता, तो 5 च्या खाली यायला हवा. मशीन लावूनही आला नाही तर डॉक्टरांकडे जायचं, कपाटाकडे नाही.

रविवारी कार्ड घेऊन ये. आणि या सोमवारी गाडी काढू नकोस, इंद्रायणी एक्सप्रेसचं तिकीट काढून ठेवलंय. बाबांना म्हटलंय, पेट्रोल महाग झालं म्हणून.

तुझी,
आई