सरत्या वर्षाची बैठक : मंगळवारी, मारुतीच्या पारावर

गटातल्या सगळ्या बायांनो, 2024 सरत आलं. मंगळवारी रात्री जेवणं आटोपली की पारावर या. पासबुक आणा, पण आधी बोलू मग हिशेब.

पोळ्याच्या पावसानं सोयाबीन पिवळं पाडलं. हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, पण गरजेपायी कितीजणींनी त्याहून कमी भावात घरूनच विकलं! त्याच दिवसांत वेचणीच्या पैशातून एकीनंही हप्ता चुकवला नाही; मला तर वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. ज्यांचा माणूस यंदा गेला, त्यांना एकटं येऊ देऊ नका, सोबत घेऊन या.

थंडी आहे, शाल घ्या. चहा गटाकडून.

— सचिव