'वादग्रस्त' म्हणून मोकळं होऊ नका

मा. संपादक,

नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरी बसून बघायच्या सिनेमांचं जे सदर येतं, त्यात यावेळी 'द बर्थ ऑफ अ नेशन' या 1915 सालच्या अमेरिकन मूकपटावर लिहिलंय. जुनी रिळं साफ करून नव्याने काढलेली ब्लू-रे आहे, ऑनलाइनपण बघता येतो, सिनेमाची आवड असेल तर चुकवू नका, क्लोजअप कसा वापरलाय, लढाईचे सीन किती भव्य आहेत, दोन ठिकाणी एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आलटून पालटून दाखवायची पद्धत पुढे जगभर कशी गेली, हे सगळं लेखकाने मन लावून लिहिलंय आणि ते खरंही आहे. मग अगदी शेवटी एक ओळ येते, की कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे हा सिनेमा वादग्रस्त ठरला होता. विषय संपला. मी हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहितेय, थोडं लांबेल, पण कृपा करून अर्ध्यावर कापू नका.

मी इंदोऱ्याला राहते. शाळेत इतिहास शिकवायची, आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली. रविवारी सकाळी वस्तीतली नववीपासून बारावीपर्यंतची आठ-दहा पोट्टेपोट्टी माझ्याकडे येतात, कधी काही वाचतो, कधी सिनेमा बघतो, मग तर्री-पोहे. दोन वर्षांआधी मे महिन्यात, म्हणजे आपल्या नागपूरचा मे, कूलर फुल स्पीडवर आणि खिडकीला ओली चादर, मी हाच सिनेमा टीव्हीवर लावला. पूर्ण नाही, तो तीन तासांच्या वर आहे, फक्त शेवटचा भाग. मला त्यांना एडिटिंग म्हणजे काय ते दाखवायचं होतं, आणि माझी चूक ही झाली की आधी काहीच सांगितलं नाही, म्हटलं बघून झालं की बोलू.

एका झोपडीत काही माणसं अडकलीत, बाहेरून जमाव दार फोडतोय, आत बाया एकमेकींना धरून बसल्यात, कट, पांढरे झगे घातलेले घोडेस्वार उधळत येताहेत, कट, दार मोडत आलं, कट, घोडे अजून जवळ. पोरं आधी आपली गप्प बसून होती, मग सतरंजीवर सरकत सरकत पुढे आली, एक जण "अबे लवकर ये ना बे" म्हणाला, आणि घोडेस्वार पोचले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. माझ्या हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीच्या मैदानावर पांढऱ्या साड्या नेसून दीक्षा घेतली त्यांची ही नातवंडं-पतवंडं, आणि टाळ्या कोणाला, तर कू क्लक्स क्लॅनला.

मी सिनेमा थांबवला आणि सांगितलं हे घोडेस्वार कोण ते. गुलामगिरी संपल्यावर मोकळ्या झालेल्या काळ्या माणसांना रात्री घरातून ओढून फटके मारणारी, जीव घेणारी टोळी. आणि दार फोडणारा जमाव म्हणजे नुकतेच सुटलेले गुलाम, ज्यांच्यातल्या मोठ्या भूमिका चेहऱ्याला काळं फासून गोऱ्या नटांनी केल्यात. कोणी काही बोलेना. नुसता कूलरचा आवाज. मग अकरावीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, मग मी कोणासाठी ओरडत होती?" तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिचं काही चुकलं नव्हतं हो, तो सिनेमा बांधलाच तसा आहे, तुमच्या लेखकाने ज्या एडिटिंगचं कौतुक केलं तीच एडिटिंग तिच्यावर चालून आली होती. आधी कला पाहू, विषाचं नंतर पाहू असं या सिनेमात करताच येत नाही, ते मी त्या दिवशी माझ्या हॉलमध्ये पाहिलं.

आता 'वादग्रस्त' शब्दाबद्दल. वादग्रस्त म्हणजे ज्याला दोन बाजू आहेत, ज्याचा निकाल लागायचाय. भावाभावात सातबारा वादग्रस्त असतो. इथे कसला वाद? सिनेमात साउथ कॅरोलायना राज्याच्या विधानसभेचा एक सीन आहे, आधी पाटी येते की 1870 सालच्या सभागृहाची ही हुबेहूब प्रतिकृती, आणि मग काय दाखवतात, तर काळे आमदार बूट काढून टेबलावर पाय टाकून बसलेत, कोणी बाटली तोंडाला लावतोय, कोणी खातोय, आणि गॅलरीतल्या गोऱ्या बायकांकडे बघताहेत. टेबलं-खुर्च्या हुबेहूब असतील, माणसं खोटी आहेत.

खरी माणसं कोण होती ते सांगते, कारण मला ते शिकवायला फार आवडायचं. रॉबर्ट स्मॉल्स नावाचा माणूस, जन्माने गुलाम, 1862 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना चार्ल्सटन बंदरातून गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याचंच 'प्लांटर' जहाज रात्रीतून पळवतो, बायको-पोरांना आणि सोबत्यांना घेऊन, किल्ल्यावरच्या तोफांसमोरून कॅप्टनसारखी हॅट घालून आणि बरोबर खुणेची शिटी देत, आणि सगळे स्वतंत्र होतात. तोच माणूस 1868 मध्ये त्या राज्याची नवी घटना लिहायला बसला आणि सर्वांना मोफत सरकारी शाळा पायजे म्हणून भांडला, आणि ते घटनेत आलं. पुढे तो त्याच सभागृहात आमदार झाला, नंतर अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेला. ज्या लोकांनी गोरगरिबांच्या, अगदी गोऱ्या गरिबांच्यासुद्धा पोरांसाठी शाळा मागितल्या, त्यांनाच या सिनेमाने टेबलावर पाय टाकणारे अडाणी करून टाकलं. आणि हे बघायला पुढची पिढी त्या शाळांमध्ये शिकून थेटरात बसली होती.

महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' 1873 ला छापलं आणि ते कोणाला अर्पण केलं, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. साल बघा. 1873. म्हणजे अमेरिकेतला नेमका तोच काळ, गुलामी संपल्यानंतरची ती दहा-बारा वर्षं, 1865 ते 1877, ज्यांच्यावर या सिनेमाने चिखलफेक केली. पुण्यात बसून जोतिबांना त्या काळात काय चाललंय ते दिसत होतं आणि त्यांनी हात जोडले. बेचाळीस वर्षांनी या सिनेमाचा दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने त्याच काळावर तीन तासांचं खोटं रचलं. मराठी वाचकाला हे सांगायला तुमच्या पानावर जागा नव्हती का?

आणि ते खोटं पडद्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. 18 फेब्रुवारी 1915 ला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सनसमोर त्याचा खेळ झाला, सिनेमाच्या पाट्यांवर विल्सनच्याच इतिहासाच्या पुस्तकातली वाक्यं टाकलेली होती. जुनी क्लॅन तर 1870 च्या दशकाच्या सुरुवातीलाच सरकारने कायदे करून मोडली होती, ती नोव्हेंबर 1915 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या स्टोन माउंटन डोंगरावर परत उभी राहिली, सिनेमा अटलांटात लागायच्या तोंडावर, वर्तमानपत्रांत दोन्हीच्या जाहिराती. त्या रात्री डोंगरावर क्रॉस जाळला. गंमत नाही ही, जुन्या क्लॅनमध्ये क्रॉस जाळायची रीतच नव्हती, हा सिनेमा ज्यावर बेतलाय त्या थॉमस डिक्सनच्या कादंबरीतून ती सिनेमात आली आणि सिनेमातून खऱ्या डोंगरावर गेली. पुढच्या दहा वर्षांत त्या संघटनेचे सभासद लाखोंनी वाढले. सिनेमाच्या शेवटी शेवटी एक छोटा सीन आहे, पुढच्या निवडणुकीचा दिवस, काळे मतदार घराबाहेर पडतात, समोर घोडेस्वारांची रांग, ते मुकाट्याने मागे फिरतात. सिनेमा याला सुखी शेवट म्हणून दाखवतो. अमेरिकेत काळ्या माणसाच्या मताचं खऱ्या अर्थाने संरक्षण करणारा कायदा यायला 1965 उजाडावं लागलं, सिनेमानंतर 50 वर्षं.

मला जे मुख्य सांगायचंय ते इथे येतं. 1915 मध्ये हा सिनेमा बघायला जाणाऱ्याला थेटराच्या दारात माणसं भेटत होती. एनएएसीपी ही काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना तेव्हा फक्त सहा वर्षांची होती, तिने शहरोशहरी विरोध केला, पत्रकं छापली, अर्ज केले. बोस्टनमध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर हा काळा पत्रकार ट्रेमाँट थेटरवर लोकांना घेऊन गेला आणि त्याला अटक झाली. ओहायो आणि कॅन्सस राज्यांत बंदी आली. पुढे जेव्हा जेव्हा सिनेमा परत लागला, 1930 मध्ये आवाज घालून नवीन करून आणला तेव्हासुद्धा, लोक परत उभे राहिले. म्हणजे तिकीट काढणाऱ्याच्या कानावर आत जायच्या आधी काहीतरी पडायचंच, तो मग टाळ्या वाजवो की न वाजवो. घरी हे काहीच नाही. सोफ्यावर बसायचं, रिमोट दाबायचा, दारावर कोणी उभं नाही. वरून या सिनेमाचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, त्यामुळे कोणीही कुठेही टाकतो, मी पोरांना दाखवला त्या कॉपीच्या आधी ना एक ओळ ना एक शब्द. घरी बघायची सोय झाली की सगळ्यात आधी दारातला माणूस गायब होतो, आणि म्हणून ज्याने सिनेमा सुचवला त्याच्यावर ते काम येतं. तुमच्या सदरावर येतं. ती एक ओळ त्या माणसाची जागा घेऊ शकत नाही.

अजून एक. हा सिनेमा न्यूयॉर्कला 3 मार्च 1915 ला लिबर्टी थेटरमध्ये लागला आणि कित्येक महिने चालला. त्या वर्षी त्याच शहरात आपले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच वर्षी एम. ए. झाले, आणि शेजारी हार्लेम, जिथे काळ्या लोकांची वस्ती तेव्हा वाढत होती. आणि 1946 मध्ये त्यांनी ज्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं की तुमच्या लोकांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे जातोय त्याची प्रत मिळेल का, ते डू बॉइस म्हणजे एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक आणि 1915 मध्ये तिच्या मासिकाचे संपादक. मी हे पोरांना सांगितलं तेव्हा ती पोरगी पहिल्यांदा काहीतरी वहीत लिहायला लागली. नागपूरच्या पेपरात या सिनेमावर लिहिताना हे सगळं बाजूला ठेवून नुसतं क्लोजअपवर लिहिणं मला पटत नाही.

मार्च 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या महाल भागात दंगल झाली, कर्फ्यू लागला, आणि त्या दिवसांत एका ऐतिहासिक सिनेमाचं नाव थेट विधानसभेत निघालं. मी त्या सिनेमावर बोलत नाहीये, तो विषय वेगळा आहे आणि त्याची बरोबरी मी याच्याशी करत नाही. एवढंच म्हणते की इतिहासावरचा सिनेमा माणसाच्या अंगात कसा शिरतो हे या शहराला शिकवायची गरज नाही.

बंदी घाला असं माझं म्हणणं अजिबात नाही. मी स्वतः दाखवला, परत दाखवीन. लपवला तर पोरांना कळणार कसं की टाळ्या कशा काढून घेतल्या जातात. पण सुचवायचं तर जोडीने सुचवा. ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकाने 1920 मध्ये 'विदिन अवर गेट्स' काढला, त्यात सिल्व्हिया नावाची काळी शिक्षिका आहे, खेड्यातल्या गरीब पोरांची शाळा बंद पडू नये म्हणून पाच हजार डॉलर जमवायला उत्तरेकडे जाते, आणि मग तिच्या घरच्यांना जमावाने कसं मारलं ते येतं. तिथेही जमाव आहे, पण यावेळी जमाव गोरा आहे, आणि तसंच त्या काळात खरोखर घडत होतं. शिकागोत आदल्याच वर्षी दंगल झाली होती म्हणून सेन्सॉरने तो अडवायला बघितला. पुढे तर तो हरवलाच, कित्येक वर्षांनी स्पेनमध्ये स्पॅनिश पाट्या असलेली एक प्रत सापडली आणि 1993 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने नीट करून घेतली. सव्वा तासाच्या आसपास आहे. तोही आता घरी बघता येतो, 2016 मध्ये जुन्या काळ्या दिग्दर्शकांच्या सिनेमांचा ब्लू-रे संच निघाला त्यात आहे. ज्या सिनेमात माझ्यासारखी एक मास्तरीण शाळेसाठी दारोदार फिरते त्याला तुमच्या सदरात अर्धी ओळसुद्धा मिळाली नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे की येत्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी, त्याच टायपात, साउथ कॅरोलायनाचं सभागृह खरं कसं होतं, स्टोन माउंटनवर काय झालं आणि मिशोचा सिनेमा कुठला, या तीन गोष्टी छापा. चूकभूल म्हणून कोपऱ्यात नको.

माझ्याकडे यावेळी मिशोचा सिनेमा आहे, पाट्या इंग्रजीत आहेत म्हणून पोरं त्या मराठीत लिहून काढताहेत, निम्म्या झाल्यात. पाटी आली की थांबवायचं आणि एकाने मोठ्याने वाचायचं असं ठरलंय. सिल्व्हियाच्या पाट्या त्या अकरावीतल्या पोरीने, आता ती कॉलेजला आहे, स्वतःकडे मागून घेतल्यात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
इंदोरा, नागपूर