शेक झाला, व्यायाम राहिला

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कंबरदुखीवरचा लेख वाचला. फिजिओथेरपीचं नाव निघालं याचं समाधान वाटलं; पण सोबतच्या चित्रात रुग्ण पालथा पडलेला आणि कमरेवर यंत्राचे पॅड चिकटवलेले. अशाच चित्रांमुळे फिजिओथेरपी म्हणजे यंत्रं आणि शेक असा लोकांचा गैरसमज होतो. मी स्वतः या व्यवसायात आहे, म्हणून लिहिते आहे.

'दहा दिवस शेक घ्यायला सांगितलाय' म्हणत येणारे रुग्ण रोजचेच. शेकाने थोडा वेळ बरं वाटतं, घ्यावा. पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचे उपचार), टेन्स (पॅड लावून दिलेला सौम्य विद्युतप्रवाह) आणि कमरेचा पट्टा हे सरसकट देऊ नयेत असं सांगितलं आहे. शिफारस आहे ती व्यायामाची आणि रुग्णाला त्याचं दुखणं नीट समजावून सांगण्याची. आता आमच्यातलंच सांगायचं तर यंत्रं लावली की एका वेळी चार रुग्ण उरकतात; व्यायाम शिकवायचा म्हणजे एकापाशीच उभं राहावं लागतं. यंत्रांचं प्रस्थ माजलं त्यात याचाही वाटा आहे.

दुसरी भीती एमआरआयच्या रिपोर्टची. 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आहे' हे एकदा कानावर पडलं की माणूस वाकायचंच सोडतो. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या स्कॅनमध्येही चकत्यांची, म्हणजे मणक्यांमधल्या याच गाद्यांची, झीज दिसली होती!

असा धास्तावलेला माणूस खाली पडलेली किल्ली उचलताना पाहा. श्वास रोखतो, पाठ ताठ धरतो, एक हात मांडीवर टेकवतो. दुखण्याइतकीच ही ताठरता त्याला छळते. त्याला आधी उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायला लावायची, श्वास चालू ठेवून. मग हातपाय टेकून ओणवं राहायचं आणि एक हात व विरुद्ध बाजूचा पाय लांबवायचा. मग हात न टेकता खुर्चीतून उठणं. सरतेशेवटी खुब्यातून वाकून वजन उचलणं, आधी रिकामी बादली आणि जमेल तशी भरलेली. यात थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी ओसरलं तर घाबरायचं कारण नाही. ताकद यायला मात्र सहा-आठ आठवडे लागतात, आणि नेमके तिसऱ्या आठवड्यात लोक यायचे बंद होतात.

नुकतीच उसण भरली असेल तर बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप उतार पडतो. तोवर अंथरुणाला खिळून राहू नये, झेपेल तेवढं चालत-फिरत राहावं.

एक विनंती. 'कंबरदुखीवर पाच आसनं' अशी चित्रं छापताना ती कुणासाठी, हेही छापावं. चकतीमुळे पायात कळ जाणाऱ्या कित्येकांना पुढे वाकल्यावर त्रास वाढतो; उलट मणक्याची नळी अरुंद झालेल्या वयस्कर माणसाला पुढे वाकल्यावरच आराम पडतो आणि मागे वाकणं सोसत नाही. आणि चौकटीत ठळक अक्षरांत हेही हवं: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली शक्ती कमी होत जाणं, यांपैकी काही दिसलं तर व्यायाम, शेक काही करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक