त्या 212 नंबरांचं काय करू?

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितोय. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, दोनदा लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर उरकतो.

दिवाळीत आमच्या घरी कुंदा खाता खाता तू म्हणाला होतास, "लेका, कॉलेजांच्या रिव्ह्यूंची ही साइट फुकट चालवायची समाजसेवा किती दिवस करणार? पोरांचे फोन नंबर कॉलेजांना वीक, सगळे तेच करतात." मला तेव्हा राग आला होता. पण सर्व्हरचं बिल भरायची वेळ आली आणि तुझंच ऐकलं. त्याचं पुढं काय झालं ते आज सांगतो.

आधी जाहिरातींचं ऐक. मे-जूनमध्ये पोरं झुंबड करून येतात, ऑक्टोबरात साइटवर कुत्रं फिरकत नाही. 100 डॉलर जमल्याशिवाय गूगल पैसे सोडत नाही, आणि मला तेवढे जमवायला पावसाळा संपून थंडी यायची. वर गंमत बघ: एका पोरानं लॅबमध्ये मशीन बंद, सर गायब असं चांगलं दहा ओळींचं लिहिलं, आणि त्याच्याच खाली त्याच कॉलेजची जाहिरात. 'प्रवेश सुरू, त्वरा करा!' मी हसलो, पण पैसे त्यातूनच येत होते की रे.

मग कॉलेजांकडूनच वर्षाची फी घ्यावी म्हणून एका ठिकाणी गेलो. नाव विचारू नकोस. चहा आला, बिस्किटं आली. ऑफिसातल्या साहेबांनी मोबाईलवर माझी साइट उघडली, एक रिव्ह्यू मोठा करून माझ्यासमोर धरला आणि अगदी गोडीत म्हणाले, "पैशाचं बघू की, तेवढं हे जरा खाली जाईल का?" काढून टाका असंही म्हणाले नाहीत. नुसतं खाली. मी चहा संपवला आणि उठलो.

म्हणजे उरला तुझा मार्ग. मेमध्ये साइटवर एक फॉर्म टाकला: 'कोणत्या कॉलेजला मिळेल? मोफत सल्ला.' 212 पोरांनी नाव, मार्क, नंबर दिले. एका नावाला दीडशे, असे 31,800 रुपये तीन कॉलेजांकडून आले. साइट सुरू केल्यापासूनची ही सगळ्यात मोठी कमाई. त्या रात्री बायकोला घेऊन बाहेर जेवायला गेलो, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी खानापूरहून एका वडिलांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाले, "पोरीला काल एका दिवसात चाळीस फोन आले. एकजण म्हणतोय आज पैसे भरा नाहीतर सीट जाईल. तुम्ही आमच्यातले म्हणून नंबर दिला होता." आमच्यातले, असं म्हणाले ते. मी सॉरी म्हणालो, दुसरं काय म्हणणार? नंतर यादी उघडून बघितली तर निम्मी पोरं सतरा वर्षांची. 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 च्या आतल्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. माझ्याकडं कोणाची संमती होती? मी ते विचारलंच नव्हतं. फॉर्म त्याच रात्री काढला.

आता खरी गोष्ट. त्या वडिलांना मी घरी बोलावलं, फुकट, अपराधी वाटत होतं म्हणून. दोन तास बसलो. आणि कळलं, त्यांना रिव्ह्यूपेक्षा दुसरंच हवं होतं. आपल्याकडचं पोरगं दोन राज्यांच्या उंबऱ्यावर उभं असतं. इकडं केसीईटी म्हणजे कर्नाटकची प्रवेश परीक्षा, मग ऑप्शन एंट्री म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरणं, सीट लागली की चॉइस 1, 2, 3, 4. तिकडं महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या. महाराष्ट्रात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी पोरांना 'टाइप ई' म्हणून वेगळी पात्रता आहे, पण कागद वेळेत काढावे लागतात आणि तिकडची सीईटी द्यावीच लागते. निपाणीच्या पोराला बेळगावापेक्षा कोल्हापूर जवळ. त्यानं कुठं जावं हे बेंगळुरूतला सल्लागार सांगू शकत नाही आणि पुण्यातलाही नाही. झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा फॉर्म भरून देतो, पण चॉइस 1 म्हणजे 'हीच सीट घेतो, पुढच्या फेऱ्या नकोत' आणि 2 म्हणजे 'ही ठेवतो, पण वरची मिळाली तर ती' हा फरक समजावत नाही. यंदा एकानं घाईत 1 दाबलं आणि हवं ते कॉलेज पुढच्या फेरीत त्याच्या मित्राला मिळालं.

पोरीचे वडील जाताना म्हणाले, "याचे किती द्यायचे?" मी नको म्हणालो. त्यांनी 300 रुपये टेबलावर ठेवले आणि गेले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. महिनाभरात अशी 26 घरं झाली, 7,800 रुपये. तुझ्या 31,800 पुढं काहीच नाही, माहीत आहे. पण पैसे देणाऱ्यालाच खरा रिव्ह्यू हवा असतो, त्यामुळं तो 'खाली घे' म्हणत नाही. खानापूरकडच्या एका पी.यू. (अकरावी-बारावीच्या) कॉलेजच्या सरांनी पुढच्या वर्षी मुलांसमोर बोलायला बोलावलंय, मानधन देतो म्हणाले. रिव्ह्यू फुकट वाचायचे, दोन्ही राज्यांचे प्रवेश समजावणारी बैठक मात्र पैशाला, असं करायचं ठरवतोय. माझा वेळ हीच अडचण. दोन महिन्यांत मी शंभर घरांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. कोल्हापूरची बाजू कोणी सांभाळली तर दोनशे होतील. तुझ्या मेहुणीला कॅपचं सगळं येतं ना? विचारून बघ. बैठकीचे अर्धे पैसे तिचे.

आणि 31,800 मधले 19,000 सर्व्हरला आणि मागच्या उसनवारीला गेले. बाकीचे खात्यात आहेत, हात लावलेला नाही. कॉलेजांना परत करायचे तर ते म्हणतात नंबर मिळाले, व्यवहार संपला. पोरांना वाटायचे तर कसे? तू सांग. आणि सगळ्यांना एक मेसेज पाठवणार आहे, 'तुमचा नंबर मी विकला होता' असा. मसुदा तीनदा लिहिला, तीनदा फाडला. शनिवारी ये की रे. बसून दोघं लिहू.

तुझा,
शहापूरचा