ताटाची डावी बाजू: मुलीस पत्र

दादर, मुंबई

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी जेवताना तू वरणभात आणि बांगड्याची तुकडी बाजूला सारलीस आणि काकडी, गाजर, भिजवलेले बदाम व मोड आलेले मूग एवढ्यावरच भागवलेस. बाबांनी तुझ्या फक्त कच्चे खाण्याचा विषय काढल्यावर तू म्हणालीस की नुसती काळजी बोलून दाखवू नका, कारणे सांगा. तुझी मागणी रास्त आहे. फोनवर आपले बोलणे दोन मिनिटांत वादाकडे वळते, म्हणून लिहिते आहे. माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली हे तू जाणतेस. डॉक्टर म्हणून नव्हे, पण रक्ताचे आणि शौचाचे नमुने आयुष्यभर हाताळलेली आई म्हणून जे मला ठाऊक आहे तेच लिहीन.

तुला हलके वाटते, ॲसिडिटी थांबली, चेहरा उजळला, हे सगळे मला मान्य आहे. मात्र तू एकाच दिवशी दोन निर्णय घेतलेस. कँटीनमधले तळण, बिस्किटे, मैदा आणि दिवसातून चार वेळचा गोड चहा तू सोडलास, आणि त्याबरोबर शिजवलेले अन्नही सोडलेस. पहिल्या निर्णयाने कोणालाही महिन्याभरात बरे वाटू लागते. त्याचे श्रेय दुसऱ्या निर्णयाला देण्यास काहीही आधार नाही, आणि दुसऱ्याचे जे परिणाम असतात ते इतक्या लवकर दिसतही नाहीत. माझी खरी चिंता या उशिरा दिसण्याचीच आहे.

अठ्ठेचाळीस अंशांच्या वर तापवले की अन्नातली एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी द्रव्ये, मरतात आणि मग ते अन्न पचायला जड होते, असे तू सांगत होतीस. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात हे खरे आहे. परंतु ती एन्झाइम त्या वनस्पतीची, तिच्या स्वतःच्या कामासाठी असतात. ती प्रथिनेच असल्यामुळे आपल्या जठरातील आम्लात त्यांतील बहुतेकांची मोडतोड होते, आणि अन्न पचवणारी एन्झाइम आपल्या लाळेतून, जठरातून, स्वादुपिंडातून आणि आतड्यातून येतात. उलट पिठूळ पदार्थ शिजले की त्यांतला स्टार्च फुगून मऊ होतो आणि आपल्या एन्झाइमांना त्याच्यापर्यंत पोहोचता येते. कच्च्या बटाट्याचा स्टार्च बराचसा तसाच पुढे मोठ्या आतड्यात जातो.

शिजवल्याने काही जाते, यात शंका नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते आणि भाजी उकडून पाणी फेकून दिले की त्या पाण्याबरोबर आणखी जाते. म्हणून लिंबू, पेरू, आवळा आणि कोथिंबीर कच्चीच खावी. मात्र टोमॅटोतले लायकोपीन आणि गाजरातले बीटा-कॅरोटीन ही उपयोगी रंगद्रव्ये शिजवल्यावर, आणि सोबत थोडे तेल असल्यास, शरीराला अधिक मिळते. पालक उकळून ते पाणी टाकले की त्यातले मूतखड्याला कारण होणारे ऑक्झलेट नावाचे द्रव्य बरेच कमी होते. रोज पेलाभर कच्च्या पालकाचा रस पिणाऱ्याला मूतखड्याचा धोका असतो आणि काहींच्या मूत्रपिंडांनाच त्याने इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अळू आणि सुरण यांच्या बाबतीत तर घशाला सुटणारी खाजच सारे सांगून जाते, आणि आपल्या आज्या त्यांत चिंच घालून ते नीट शिजवत आल्या.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते ती. जर्मनीतील गीसेन येथे दीर्घकाळ मुख्यतः कच्चे अन्न खाणाऱ्या 513 स्त्री-पुरुषांचा अभ्यास झाला आणि तो 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी 3.7 वर्षे ते हा आहार घेत होते. या आहारावर आल्यापासून पुरुषांचे वजन सरासरी 9.9 किलो आणि स्त्रियांचे 12 किलो घटले होते, आणि स्त्रियांपैकी एक चतुर्थांश जणींचे वजन प्रमाणापेक्षा कमी झाले होते. पंचेचाळीस वर्षांखालील सुमारे 30 टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्णपणे थांबली होती, आणि आहारात कच्च्याचा वाटा जितका जास्त तितके हे प्रमाण जास्त होते. कारण गूढ नाही. कच्च्या भाज्या-फळांनी पोट भरते, पण त्यांतून मिळणारी ऊर्जा कमी असते. खर्चाला पुरेल इतकी ऊर्जा येत नाही असे दिसले की मेंदू बीजांडकोशांना जाणारे संदेश कमी करतो आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते. इस्ट्रोजेन घटले की हाडे झिजू लागतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसमधील संशोधकांनी 2005 मध्ये काही वर्षे कच्च्या शाकाहारावर राहिलेल्या 18 जणांची हाडे तपासली, तेव्हा खुब्याच्या आणि कंबरेच्या मणक्यांच्या हाडांची घनता शिजवलेले खाणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. मे महिन्यात तू सहज बोलून गेलीस की पाळी पुढे गेली आहे, ऑफिसच्या ताणामुळे असेल. ताणामुळे असूही शकेल. पण ती लांबत राहिली तर ऑफिसला दोष देऊन बसू नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि आपण काय खातो ते त्यांना न लपवता सांग.

दुसरी गोष्ट बी-12 जीवनसत्त्वाची. तू मासे सोडलेस, अंडी सोडलीस, आणि दूध-दही हे तापवून किंवा विरजून केलेले म्हणून तेही सोडलेस. भाज्या, फळे, सुकामेवा आणि कडधान्ये यांत शरीराला उपयोगी पडेल असे बी-12 जवळजवळ नसते. गीसेनच्याच संशोधकांनी 2005 मध्ये 201 कच्चाहारींचे रक्त तपासले, तेव्हा त्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी चांगल्या पातळीवर आढळली, हे मी मुद्दाम लिहिते कारण तुझ्या बाजूचा पुरावाही तुला मिळायला हवा. परंतु त्यांच्यापैकी 38 टक्के लोकांत बी-12 ची कमतरता होती, होमोसिस्टीन, म्हणजे बी-12 कमी पडले की रक्तात साठणारे द्रव्य, वाढलेले होते आणि चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉलही कमी होते. आपल्याकडे तर सुरुवातच उणी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील पुरुषांचे रक्त तपासले, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश जणांचे बी-12 कमी निघाले, आणि ही सर्व माणसे नेहमीचे शिजवलेले जेवणच जेवणारी होती.

यात एक फसगत आहे आणि ती मी लॅबमध्ये जवळून पाहिली आहे. तू म्हणालीस की एप्रिलमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केले आणि सगळे नॉर्मल आले. बी-12 चा साठा यकृतात असतो आणि तो पुष्कळदा काही वर्षे पुरतो, त्यामुळे आजचे रक्त कालच्या जेवणाची साक्ष देत असते. शिवाय हिरव्या पालेभाज्यांतून तुला फोलेट हे दुसरे एक ब जीवनसत्त्व भरपूर मिळते. बी-12 कमी असताना तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात आणि हिमोग्लोबिन उतरते, ही आम्हा लॅबवाल्यांना मिळणारी पहिली खूण. पण फोलेट भरपूर असले की ती खूण झाकली जाऊ शकते, आणि इकडे नसांचे नुकसान मात्र चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, तळव्यांखाली कापूस असल्यासारखे वाटणे, अंधारात तोल जाणे, नावे न आठवणे, अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसांच्या सीबीसीत फारसे काही न दिसल्याचे मी पाहिले आहे. उपचाराला उशीर झाला तर नसांचे नुकसान पूर्ण भरून येईलच असे नाही.

दातांबद्दल थोडक्यात लिहिते. दिवसभर संत्री, अननस, लिंबूपाणी यांचे आम्ल दातांवर राहिले की एनॅमल झिजते. जर्मनीत 130 कच्चाहारींचे दात तपासले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या निदान एका तरी दाताची अशी झीज आढळली. फळ जेवणाबरोबर खा, नंतर साध्या पाण्याने चूळ भर आणि लगेच ब्रश करू नकोस.

आणि आता मुंबईचे. जर्मनीतल्या माणसाने कच्चा पाला खाणे आणि आषाढातल्या मुंबईत तू तो खाणे यांत फरक आहे. लोकलने जाताना रुळांलगतचे पालकाचे आणि लालमाठाचे वाफे तू लहानपणापासून पाहिले आहेस. त्यांना कोणते पाणी घातले जात आले, हे या शहरात कोणाला सांगावे लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिलेले जंताचे अंडे तुला वर्णन करून सांगते: तपकिरी, गोलसर, बाहेरून खडबडीत कवचाचे, इतके चिवट की ओल्या मातीत ते महिनोन्महिने जिवंत राहते. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने ते भरवशाने मरत नाही, उकळत्या पाण्यात मात्र मरते. याहून वाईट म्हणजे पट्टकृमीचे (टेपवर्मचे) अंडे. ते माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि तेथून भाजीवर येते, आणि पोटात गेल्यावर त्यातून बाहेर पडलेली अळी रक्तावाटे मेंदूत जाऊन बसली की फिट येऊ लागतात. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जाते ही समजूत चुकीची आहे. धोका त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्याचा असतो, आणि कधीही मांस न खाल्लेल्या माणसालाही तो असतो. टायफॉइड, अमिबा आणि कावीळ यांचे नाव मी फक्त घेते, पावसाळ्यातल्या मुंबईत ते तुला समजावण्याची गरज नाही. चातुर्मासात पालेभाज्या टाळणारी घरे आपल्या ओळखीत आहेत. त्यामागचे व्रत तू मानू नकोस, पण या दिवसांत कच्चा पाला टाळण्याचे शहाणपण घ्यायला हरकत नाही.

मोडांविषयी तुझी खात्री होती की ते घरी आणलेले असतात म्हणून सुरक्षित असतात. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच जिवाणूंना लागते, आणि बी मुळातच दूषित असेल तर भेगांत बसलेले जिवाणू धुऊन निघत नाहीत. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायची जी मोठी साथ आली तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला. जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तू मूग-मटकी खुशाल खा, फक्त चांगली वाफ काढून खा. राजमा मात्र कच्चा, भिजवलेला किंवा मोड आणलेला, कोणत्याही रूपात तोंडात घालू नकोस. त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे चार-पाच दाण्यांनीही जोराच्या उलट्या होऊ शकतात, आणि ते जायला भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटे खळखळून उकळावे लागते.

शिवाजी पार्कबाहेर सकाळी मिळणाऱ्या दुधी, कारले आणि गव्हांकुर यांच्या रसाबद्दल तू बाबांना सांगत होतीस. दुधी क्वचित कडू निघतो आणि तो कडूपणा कुकर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. 2010 मध्ये दिल्लीत असा कडू रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञ समितीने सांगितले की रस काढण्यापूर्वी दुधीची फोड चाखून पाहावी, कडू लागल्यास दुधी फेकून द्यावा आणि हा रस दुसऱ्या रसात मिसळू नये. भाजी कडू लागली तर आपण घास थुंकतो. रस मात्र कडू म्हणजे औषधी, असे समजून माणूस नाक दाबून घटाघटा पितो, आणि त्यात कारले घातलेले असेल तर कडूपणा कोणाचा हे कळतच नाही. दुसऱ्याने काढून ठेवलेला दुधीचा रस तू घेऊ नयेस, एवढे माझे ठाम म्हणणे आहे.

मी तुला कच्चे सोड असे म्हणत नाही. आपल्या ताटात कच्च्याला जागा आहे आणि ती मानाची आहे. डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, चैत्रात कैरी घातलेली आंबेडाळ, उन्हाळ्यात सोलकढी, दाण्याचे कूट घालून वर जिरे-मिरचीची फोडणी दिलेली खमंग काकडी. त्या लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे उजव्या बाजूच्या उसळीतले लोह शरीरात अधिक शिरते, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींच्या उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान 400 ग्रॅम फळे आणि भाज्या खायला सांगते, आणि खरे सांगायचे तर आपल्या बहुतेक घरांत तेवढ्या खाल्ल्या जात नाहीत. तुझ्यामुळे आता आपल्या घरी कोशिंबीर वाटीऐवजी वाडग्यात होते. ती तशीच राहील. डावी बाजू हवी तेवढी वाढव, पण उजवी रिकामी ठेवू नकोस. वरणभात, एक उसळ, दही किंवा मासे एवढे परत आण, आणि तळण व साखर जी सोडलीस ती सोडलेलीच राहू दे. काकडी, गाजर, मुळा, बीट वाहत्या पाण्याखाली चोळून धू आणि सोलून घे. लेट्यूस आणि कच्चा पालक निदान दिवाळीपर्यंत नको.

या आठवड्यात बी-12, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि जमल्यास होमोसिस्टीन या चाचण्या करून घे. होमोसिस्टीनसाठी रात्रभर उपाशी राहून सकाळीच रक्त दे. बी-12 ची गोळी मैत्रिणीने दिली आहे असे म्हणालीस, ती रक्त देईपर्यंत सुरू करू नकोस, नाहीतर आकडा फसवा येईल. अहवाल आल्यावर मात्र डॉक्टर सांगतील त्या मात्रेत लगेच सुरू कर. पवईतल्या लॅबमध्ये जाणार असशील तर आधी त्यांना विचारून घे की होमोसिस्टीनचा नमुना ते ताबडतोब बर्फात ठेवतात का, कारण तो तसाच राहिला तर आकडा उगीच वाढलेला दिसतो. ते ठेवत नसतील तर शनिवारी सकाळी इकडे ये, मी तुझ्याबरोबर येते. कोणता दिवस सोयीचा आहे ते कळव.

तुझी,
आई