लाईट गेली की चाळीस जण अडायचे

मा. संपादक,

ऑनलाईन गेममुळे माणूस एकलकोंडा होतो असं सगळेच म्हणतात, मला थोडं वेगळं सांगायचंय. मी २००६ ला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायला लागलो, साताऱ्यात घरी बसून, युरोपच्या सर्व्हरवर. तिकडे थंडीत रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे साडेबारा, आई झोपली की हेडफोन लावायचा. मोल्टन कोर ही गेममधली मोठी मोहीम, ती करायला तेव्हा चाळीस माणसं लागायची, मी प्रीस्ट म्हणजे हीलर, बाकीच्यांना बरं करणारा, आणि लोडशेडिंगचा काय नेम. बॉस म्हणजे तिथला मोठा राक्षस अर्धा संपला आणि लाईट गेली की माझ्या भरवशावर पुढे उभा राहून मार खाणारा टँक आडवा! शिव्या खाल्ल्या खूप, पण नंतर नंतर तो स्वीडनचा टँक सुरू करायच्या आधीच विचारायचा, 'लोडशेडिंग टुनाईट?' शब्द मीच शिकवलेला.

साधं पाच जणांचं डंजन, म्हणजे छोटी मोहीम असली तरी आधी शहरात उभं राहून चॅटवर ओरडायचं, टँक मिळाला तर हीलर नाही, मग सगळे तिथवर चालत जाणार, तोवर घरच्या गप्पा. आणि कोणी लूट ढापली तर अख्ख्या सर्व्हरवर बोंब, परत त्याला कोण घेतंय. डिसेंबर २००९ मधे डंजन फाइंडर आलं, बटण दाबा की वेगवेगळ्या सर्व्हरचे चार अनोळखी लोक मिळतात, थेट आत. आता ढापलं तरी तो माणूस परत दिसणारच नाहीये, मग नीट वागायचं कशाला आणि बोलायचं तरी कशाला?

२०१९ ला क्लासिक आलं, जुनाच गेम, फाइंडर नाही, हौसेने गेलो. पण लोक यूट्यूबवर सगळं पाठ करून आलेले, गप्पा काय त्या गेमबाहेर, डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर, वाटेत कोणी कोणाला रस्तासुद्धा विचारेना.

तक्रार करायला मला तोंड नाही हेही खरं. नोकरी आहे, पोरीची सकाळची शाळा, साडेबाराला कोण जागणार, मलाही वीस मिनिटांत उरकायचंच असतं. आता २०२४ पासून वॉरक्राफ्टच्याच नव्या आवृत्तीत डंजनसाठी चार साथीदार कॉम्प्युटरच देतो. परवा त्या चौघांना घेऊन गेलो, हीलर मीच. कोणी मेलं नाही, कोणी थँक्यू पण म्हणालं नाही. मधेच दोन मिनिटं लाईट गेली होती, इन्व्हर्टर असल्यामुळे कळलंसुद्धा नाही कोणाला.

– एक वाचक, सातारा